हैदराबादेतले जास्तीचे आठ दिवस

नानकटाई आमच्या घरात आली ती परसातल्या भिंतीवरून. बीडच्या आमच्या गल्लीत आमचं परसदार आणि हमीदाखालाचं परसदार यांच्यामध्ये छातीएवढी एक मातीची भिंत होती आणि दुपारची जेवणं उरकली की माझी माय भिंतीच्या या बाजूला आणि खाला त्या बाजूला उभी राहायची. आम्ही लिंगायत, अप्पांचं किराण्याचं दुकान, सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय घरात कुणाच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नसे. त्यामुळे खालाने आमच्या चुलीपाशी यायचं नाही आणि मायने तिच्या घरचं काही खायचं नाही, हे दोघींनी न बोलता ठरवून टाकलेलं. पण शिकायला कसली आडकाठी? खाला तिकडून सांगायची, माय इकडे करायची. तूप आमचं, पीठ आमचं, कृती तिची. "और फेटो बहन, अबी पिवळा दिसता," असं खाला भिंतीवरून वाकून म्हणायची आणि माय परातीतलं तूप तळहाताने पुन्हा फेसायला घ्यायची. ते पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत तिचा उजवा हात थांबत नसे. मग साखर, रवा, मैदा आणि वेलदोडा. भट्टी म्हणजे चुलीवर ठेवलेलं एक जाड बुडाचं पातेलं. तळाला वाळू, वाळूवर कडं, कड्यावर ताटली, वर झाकण आणि झाकणावर निखारे. पहिल्या खेपेला खालून करपलं आणि वरून कच्चं राहिलं. दुसऱ्या खेपेला वरून करपलं. पाचव्या की सहाव्या खेपेला खालाने भिंतीपलीकडूनच वास घेऊन मान डोलावली होती.

पुढे तो मायचा छंदच झाला. बीडमध्ये त्या काळी बायकांना छंद असतो असं कुणी म्हटलं नसतं. दिवाळीला, पंचमीला, आणि कधी कधी काहीच नसताना ती पातेलं चढवायची. दुकानातून परतताना गल्लीच्या तोंडाशीच अप्पांना वास यायचा, पण घरात पाय ठेवल्यावर ते कधी काही बोलायचे नाहीत. चार तुकडे खायचे आणि पाणी प्यायचे. माझी मोठी बहीण गंगू, माझी आक्का, नांदूरघाटला दिलेली होती. तिच्या सासरी कुणी निघालं की त्याच्याबरोबर माय फडक्यात बांधून नानकटाई धाडायची. प्रत्येकीच्या मधोमध एक चारोळी. ती चारोळी लावणं हा तिचा सगळ्यात आवडता भाग होता. पाटावर बसून, ताटली मांडीजवळ घेऊन, एका ओळीत सगळ्या गोल वड्या मांडून ती अंगठ्याने एकेक चारोळी दाबायची. चारोळी बरोबर मध्ये नसली तर ती उपटून पुन्हा लावायची. मी म्हणायचे, "माय, तोंडात गेल्यावर कुणाला कळतंय?" ती म्हणायची, "मला कळतंय की."

एका पंचमीला तिने ताटली पातेल्यात ठेवायला उचलली आणि मी पाहिलं की डाव्या कडेच्या चार वड्यांवर चारोळीच नाही. मी सांगितलं. तिने मान वळवून तिकडे पाहिलं आणि हसली, "इसरले बघ." पुढच्या वेळी तीच कड रिकामी. मग परसातून येताना दाराची डावी चौकट तिच्या खांद्याला लागायला लागली. आधी आम्ही सगळे हसायचो. मग एकदा तिने झाकणावरून निखारे काढताना चिमटा बाजूला टाकला तो थेट माझ्या पायावर. मी तिच्या शेजारीच उभी होते. ती म्हणाली, "तू हितं कवा आलीस?" त्या दिवशी घरात कुणी हसलं नाही.

अप्पा म्हणजे घाईचा माणूस. बोलणं तुटक, जेवण भरभर, चालणं तर असं की रस्त्याने आम्ही कुठे निघालो तर ते दहा पावलं पुढे आणि माय मला घेऊन मागे. ते मागे वळून बघत नसत. माय त्यांच्या पाठीवर नजर ठेवून चालायची. असा माणूस एका सकाळी पूजेवरून उठला आणि म्हणाला, "हैदराबादला बायकांचा दवाखाना हाय म्हणं. डोळ्याची मडम हाय तिथं. जाऊन येऊ." काकांनी दुकान बघायचं, आम्ही तिथे एकच दिवस थांबून परत यायचं, असं ठरलं. मला बरोबर घेतलं कारण जनान्या दवाखान्यात पुरुषाला आत सोडत नाहीत, आणि मी खालाच्या मुलींत वाढलेली असल्याने मला मायपेक्षा बरी उर्दू समजायची. मी नऊ-दहा वर्षांची असेन. बैलगाडीने जालन्यापर्यंत, वाटेत गोदावरी नावेतून ओलांडून, आणि जालन्याहून आगगाडी. माय वाटेत सारखी म्हणत होती, "एवढं कशाला? म्हातारपणी सगळ्यांचंच हुतं की." ती तेव्हा पस्तिशीचीही नव्हती.

हैदराबादेत आम्ही जंगमांच्या एका मठात उतरलो. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. अप्पा फाटकाबाहेर लिंबाखाली थांबले. आत मडमेने मायला अंधाऱ्या खोलीत बसवलं, डोळ्यांत थेंब घातले आणि दिवा धरून बराच वेळ पाहिलं. मग मायच्या डोळ्यांवर पट्टी ठेवून तिला पडून राहायला सांगितलं आणि तिथल्या एका नर्सबाईला काहीतरी समजावलं. ती नर्सबाई माझा हात धरून मला फाटकाशी घेऊन आली. अप्पा उठून उभे राहिले. तिने फार सावकाश, आवाज खाली ठेवून सांगितलं. आतून डोळ्यांवर ताण पडून नस सुकत चालली आहे. जे गेलं ते येणार नाही. जे आहे तेही जाईल. किती दिवस? सहा महिने, साल, अल्लाह जाने. थेंब देतो, त्याने डोळ्याचं दुखणं कमी होईल, नजर नाही येणार. अप्पांना उर्दू चांगली येत होती, तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी वेगळं ऐकलं असेल अशा आशेने. मी खाली बघत होते. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला, त्याने तोंड पुसलं आणि तो तसाच हातात धरून मला म्हणाले, "मादू, मायला सांगायचं न्हाई. औषधानं बरं हुतंय म्हण. ऐकलंस का?"

मी आत गेले. माय पट्टीखालून म्हणाली, "काय म्हणली गं ती बाई?"

"थेंब टाकायचे म्हणली. बरं हुतंय."

"कधीपस्तोर?"

हे अप्पांनी शिकवलेलं नव्हतं. मी म्हणाले, "सहा महिने."

तिने चाचपडत माझा हात धरला आणि दाबला. ती इतकी खूश झाली होती की मलाही आपण काहीतरी चांगलं केलं असंच वाटलं. बाहेर आल्यावर मी अप्पांना ते सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. अप्पा पाठीवर हात ठेवणाऱ्यांतले नव्हते. त्या हाताचा मला फार अभिमान वाटला, हे आज लिहितानाही लाज वाटते.

गेल्या साली अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याआधी थोरला मुलगा डॉक्टरांना हळूच म्हणत होता, "जरा बाहेर येता का, बोलायचं होतं." मी खाटेवरून म्हणाले, "जे काय आसंल ते माझ्यासमोर सांगा." मुलाला वाटलं म्हातारी चिडली. साधा मोतीबिंदू होता.

त्या दिवशी दवाखान्यातून मठात परतल्यावर अप्पा म्हणाले, "आलोच हावोत तर आठ दिवस राहू." मायला खरंच वाटेना. "अन् दुकान?" अप्पा म्हणाले, "दुकान कुठं चाललंय?" आणि दुसऱ्या सकाळपासून त्यांनी तिला शहर दाखवायला सुरुवात केली. रोज सकाळी आणि रोज उन्हं कलल्यावर. टांगा असूनही टांगा करायचा नाही, पायी जायचं. पहिल्या दिवशी मठाच्या दारातून बाहेर पडल्यावर माय सवयीने मागे राहिली, अप्पा दहा पावलं पुढे गेले, थांबले, आणि परत आले. ती येईपर्यंत वाट बघत उभे राहिले नाहीत, तिच्यापर्यंत चालत आले, आणि तिच्या डाव्या बाजूला उभे राहिले. मग ते दोघे शेजारी शेजारी चालू लागले. मी माझ्या आईवडिलांना असं चालताना कधी पाहिलं नव्हतं. बीडमध्ये तसं कुणी चालत नव्हतं. इथे आम्हाला ओळखणारं कोण होतं? गर्दीत कुणी डावीकडून आलं की अप्पा तिचा कोपर धरायचे आणि गर्दी सरली तरी सोडायचे नाहीत.

आम्ही मुसीवरच्या पुलावर थांबून खाली वाळवंटात धोब्यांनी वाळत घातलेली लुगडी पाहिली. चारमिनारच्या चौकात उभं राहून चारी बाजूंच्या कमानी पाहिल्या. मायला वर बघताना मान फार मागे टाकावी लागायची, मग अप्पा तिच्या पाठीमागे हात धरून उभे राहायचे. बांगड्यांच्या गल्लीत लाखेवर आरशाचे तुकडे बसवणाऱ्या बायका होत्या. माय त्यांच्यापुढे उकिडवी बसली आणि हलेना. समोरचं तिला अजून चांगलं दिसत होतं, कडेचंच दिसत नव्हतं. मशिदीच्या पटांगणात हजारो कबुतरं, बागेत कारंजी, अत्तराच्या दुकानात काचेची झाकणं. अप्पा एकेक गोष्ट बोट करून दाखवायचे. "ते बघ. तिकडं, वरच्या अंगाला. दिसलं का? नीट बघ." तिने "हो" म्हटल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. एका संध्याकाळी पुलावर ती हसून म्हणाली, "अवं, तुमाला एवढं सावकाश चालता येतं हे मला ठाऊकच न्हवतं." अप्पांनी नदीकडे तोंड केलं.

एके ठिकाणी भट्टीचा वास आला आणि माय थांबलीच. एका बोळात पाव-बिस्किटांचं दुकान होतं, मागे घुमटासारखी भट्टी, आणि एक म्हातारा लांब दांड्याच्या फळीवरून ताटल्याच्या ताटल्या आत सरकवत होता. अप्पांनी त्याला विनंती केली, की आमच्या मंडळींना घरी नानकटाई करायचा नाद आहे, जरा बघू द्या. म्हाताऱ्याने जागा करून दिली. माय भट्टीच्या तोंडाशी वाकली आणि तिने तिच्या भिंतीवरच्या उर्दूत विचारलं, की आत एवढा अंधार, रंग आला की नाही ते कसं बघता? म्हातारा म्हणाला, "देखना क्या है अम्मा, पैंतीस बरस हो गए." माय त्याला पुढे आणखी काय काय विचारत राहिली, तुपाचं, रव्याचं. मी वळून पाहिलं तर अप्पा दुकानात नव्हते. ते बोळाच्या तोंडाशी, दुकानाकडे पाठ करून उभे होते.

हे आठ दिवस माझ्या मायच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. कदाचित ते होतेही.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. पुष्कळ वेळ बाहेर बघून झाल्यावर ती अप्पांना म्हणाली, "बीडला पोचलो की दुसऱ्या दिवशी गाडी जुंपा. नांदूरघाटला जाऊन येऊ. गंगूला बघून येते." आक्काला सासरी जाऊन दीड वर्ष झालं होतं. सासूने अंथरूण धरलेलं, म्हणून सणालाही ते लोक तिला धाडत नव्हते.  अप्पा हो म्हणणार होते, त्यांनी तोंड उघडलेलं मी पाहिलं. पण मला बैलगाडीचे आणखी दोन दिवस नको होते. जाताना जालन्यापर्यंत माझं अंग आंबून गेलं होतं. मला घरी जायचं होतं, खालाच्या मुलींना माझ्या हातातल्या लाखेच्या बांगड्या दाखवायच्या होत्या. आणि सहा महिन्यांचं ते खोटं माझं स्वतःचं होतं, ते मला फार चांगलं जमलेलं होतं. मी म्हणाले, "माय, आता कशाला? सहा महिन्यांनी डोळे बरे झाले की जा. मग नीट दिसंल तुला आक्का."

मायने थोडा विचार केला. "खरं हाय लेकराचं," ती म्हणाली. "अर्ध्यामुर्ध्या डोळ्यानं कशाला बघू? चांगली बरी होऊनच जाते."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर. त्यांनी मला खोडून काढलं नाही. मी तेव्हा त्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असा घेतला.

सहा महिनेही मिळाले नाहीत. थेंब ती नेमाने टाकायची, वेळ चुकवायची नाही. आधी डावा डोळा गेला, मग उजव्यातलं वर्तुळ लहान लहान होत गेलं. चौथ्या महिन्यात ती मला म्हणाली, "मादू, आज लई धुकं हाय." बाहेर लख्ख ऊन होतं. त्या काळात तिने किती वेळा नांदूरघाटचा विषय काढला आणि स्वतःच मागे घेतला. "थेंबाची ही बाटली संपू दे." "जरा उजेड वाढू दे." आणि मग एका सकाळी तिने दिवा लावायला सांगितलं आणि दिवा लागलेलाच होता. ती रडली नाही. रागावलीही नाही. तिला वाटलं, औषध लागू पडलं नाही, तिचं नशीब. मडमेला तिने कधी दोष दिला नाही. उलट म्हणायची, "बिचारीनं लई मनापासून बघितलं."

नानकटाई तिने सोडली नाही. तूप फेसायला डोळे लागत नाहीत, ती म्हणायची. पातेल्याजवळ मी बसायचे.

वर्षाने आक्का बाळंतपणाला आली. गाडीतून उतरून ती परसातून आत येत होती, हाक मारत, आणि माय चुलीपाशी उठून उभी राहिली ती भलत्याच दिशेला तोंड करून. आक्का जागीच थांबली. तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. डोळ्याचं जरा दुखणं आहे, एवढाच निरोप गेला होता. मग ती मायच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि मायने तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले. कपाळ, गाल, हनुवटी. "वाळलीस गं," ती म्हणाली.

मुलगा झाला. पाचव्या दिवशी दुपारी माय खोलीत आक्काच्या खाटेशी बसली होती, बाळ मांडीवर, आणि एका बोटाने त्याचं नाक, ओठ, कान शोधत होती. "कोणावर गेलंय?" तिने विचारलं. आक्का म्हणाली, "नाक अप्पाचं हाय." माय हसली. मग आक्का सहज बोलून गेली, तिच्या मनात काही नव्हतं. "माय, हैदराबादेहून आलीस तवा कावून आली न्हाईस गं मला भेटायला? तवा तर दिसत हुतं की तुला."

"चांगल्या डोळ्यानं बघावं म्हणलं तुला," माय म्हणाली. "बरे हुतेत म्हणून सांगितलं हुतं ना तिथल्या बाईनं. सहा महिन्यात."

मी दाराशी बाळाचे कपडे घड्या घालत बसले होते. मला वाटतं तो शब्द, सहा महिने, तिच्या तोंडून ऐकला नसता तर मी जन्मभर गप्प राहिले असते. मी म्हणाले, "तिनं तसं सांगितलं न्हवतं." आणि मग सगळं सांगून टाकलं. फाटक, नर्सबाई, नस सुकल्याचं, अप्पांचा रुमाल. गाडीतलंही सांगितलं. मला बैलगाडीचा कंटाळा आला होता, हेसुद्धा.

खोलीत बाळाच्या चोखण्याचा आवाज तेवढा येत होता. ते मायचं बोट चोखत होतं. मग माय म्हणाली, "म्हंजे तवा ठाऊक हुतं."

"हो."

"चारमिनारला गेलो तवा."

"हो."

"ती बांगड्याची गल्ली. ती कबुतरं."

"हो, माय."

तिने बाळाच्या तोंडातून बोट काढलं, पदराने पुसलं. "आठ दिवस मी दुसऱ्याच्या गावच्या भिंती बघत हिंडले," ती म्हणाली. "नीट बघ, नीट बघ म्हणायचे. मी बघितलं बाई नीट." तिचा आवाज चढला नव्हता. मी तिच्या पायाशी गेले, तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू लहान हुतीस. तुझं काय." आक्का भिंतीकडे तोंड करून रडत होती. आणि माय कुणाशीच बोलत नसल्यासारखी म्हणाली, "ते मोठे हुते की."

अप्पांना तिने काही विचारलं नाही. तिने नाही, मी नाही, आक्काने नाही. दोन वेळचं त्यांचं ताट ती हाताने चाचपून वाढायची, नेहमीसारखं. पण अप्पा बदलले होते. ते आता घरात बसायचे, गल्लीतून सावकाश चालत यायचे, तिला देवळापर्यंत स्वतः धरून न्यायचे. आणि पाहुणे आले, ओळखीचं कुणी दुकानावरून घरी आलं, की त्यांना ते आठ दिवस सांगायचे. एरवी तुटक बोलणारा माणूस त्या एका गोष्टीत रमायचा. तो पूल, ती कबुतरं, आणि भट्टीवाला म्हातारा. "हिला सगळं हैदराबाद दाखवलं," असं म्हणायचे, "हिच्या डोळ्यात हाय सगळं." लोक मायकडे बघून हळहळायचे, म्हणायचे, नशीबवान आहात, असा मालक कुणाला मिळतो? माय पूर्वी यावर हसायची. त्या दुपारनंतर ती हसेनाशी झाली. अप्पांनी गोष्ट सुरू केली की ती उठायची आणि भिंतीला हात लावत लावत आत जायची.

अप्पांच्या ते लक्षात यायला किती दिवस लागले ते मला माहीत नाही. अंबाजोगाईचे एक व्यापारी आले होते. बैठकीत पान चाललं होतं, अप्पा सांगत होते, पुलावर आम्ही तिघं कसे रोज थांबायचो ते. माय कोपऱ्यात बसलेली उठली. तिचा हात भिंतीवरून सरकत गेला, खुंटीला लागला, खुंटी ओलांडून पुढे गेला. अप्पा तिच्याकडे बघत होते आणि बोलत होते, आणि मग वाक्याच्या मध्येच ते थांबले. ती आत गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि मी मान खाली घातली नाही.

पाहुणा वाट बघत होता. "मग? पुढं काय काय बघितलं?" त्याने विचारलं.

"पुढं काय न्हाई," अप्पा म्हणाले. "घरी आलो."